जुन्या व्हॅनचं मोटारहोम: अस्तर लावण्याआधीची आणि नंतरची कामं

जुन्या मालवाहू व्हॅनचं राहण्याजोगं घर करायला मला चौदा महिने लागले. त्यातले जवळजवळ चार महिने केलेलं काम उसकटून पुन्हा करण्यात गेले. छतावरच्या झरोक्याची एक कड नीट सीलबंद झाली नव्हती आणि ते मला आतलं लाकडी अस्तर लावून, रंगवून झाल्यावर कळलं. तोवर पाणी अस्तरामागून झिरपत फरशीच्या प्लायपर्यंत पोचलं होतं. सगळं उखडावं लागलं.

लाकूडकाम डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळ्यांना तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. पण गाडी किती वर्षं टिकेल आणि रात्री तुम्ही आत निर्धास्त झोपाल की नाही, हे अस्तरामागे दडलेल्या गोष्टींवर ठरतं: पत्रा, सीलंट (फटी बुजवणारा चिकट लगदा), वायरी, गॅसची नळी. म्हणून खालचा क्रम मोडू नका, एवढीच माझी कळकळीची विनंती.

१. आधी कागद, मग गाडी

गाडी पसंत पडली तरी पैसे देण्याआधी दोन ठिकाणी विचारून घ्या. नोंदणी कार्यालयात विचारा: मालवाहू गाडीचं राहण्याच्या गाडीत रूपांतर करायला परवानगी लागते का, काम सुरू करण्याआधी की झाल्यावर, आणि तपासणीत काय पाहतात. विमा कंपनीला विचारा: रूपांतर चालू असताना आणि पूर्ण झाल्यावर गाडीला संरक्षण मिळेल का. दोन्हीकडून उत्तर लेखी घ्या. तोंडी "काही अडचण नाही" ऐकून कामाला लागलेल्यांची गाडी नंतर नोंदणीत अडकलेली मी पाहिली आहे.

जवळ ठेवायची कागदपत्रं अशी:

- नोंदणी प्रमाणपत्र. त्यावरचा चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर स्वतः ताडून पाहा.
- गाडीवर कर्ज शिल्लक नसल्याचा दाखला
- आधीच्या दुरुस्त्यांच्या पावत्या आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल
- उत्पादकाचा तांत्रिक तक्ता: कमाल एकूण वजन आणि प्रत्येक आसावरचा (चाकांच्या जोडीच्या दांड्यावरचा) कमाल भार
- विमा कंपनीचं लेखी उत्तर
- कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो, विशेषतः अस्तराखाली जाणाऱ्या गोष्टींचे

फोटोंचा उपयोग दोनदा होतो. तपासणीत गॅसची नळी कुठून गेली ते दाखवता येतं, आणि पुढे कुठे ड्रिल मारायचं नाही हे तुम्हालाही कळतं.

तांत्रिक तक्त्यातलं वजन सगळ्यात महत्त्वाचं. समजा कमाल वजन ३५०० किलो आहे आणि रिकामी गाडी २१०० किलो भरते. हातात १४०० किलो राहिले. ऐकायला खूप वाटतात. पण १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. दोन माणसं, सामान, गादी, शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या, फ्रीज, सिलिंडर असं करत आकडा भराभर चढतो. १८ मिमी बर्च प्लायचा एक चौरस मीटर बारा किलोच्या आसपास भरतो, तर १२ मिमी पॉप्लर प्लायचा पाच-सहा किलो. सगळं फर्निचर जाड प्लायमध्ये केलं, तर नुसत्या लाकडातच दीड-दोनशे किलो जादा जातात. एक वही करा, आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वजन तिच्यात लिहा. काम सुरू होण्याआधी, मध्यावर आणि शेवटी गाडी वजनकाट्यावर न्या. पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा मोजून घ्या, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

२. गाडी पाहताना गंज शोधा

थकलेलं इंजिन दुरुस्त होतं, क्लच बदलता येतो. चॅसीचा आडवा-उभा सांगाडा कुजला असेल तर मात्र ती गाडी सोडून द्या. तुमची सगळी मेहनत त्या सांगाड्यावर उभी राहणार आहे.

गाडीखाली झोपून बॅटरीच्या उजेडात पाहा. चाकांच्या कमानींच्या आतली बाजू, दारांखालचे उंबरे, छताच्या पन्हाळी, पुढच्या काचेच्या खालच्या कडा, मागच्या दाराच्या बिजागऱ्या आणि रबरी चटईखालचा पत्रा ही गंजाची आवडती ठिकाणं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. घट्ट पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा भद्द. नुकताच रंगवलेला भाग दिसला तर लोहचुंबक लावून पाहा. चुंबक धरत नसेल तर रंगाखाली पुट्टी भरली आहे. शक्य असेल तर पावसानंतर लगेच पाहायला जा, गळती आपोआप दिसते.

इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागा. पावती नसेल तर तो बदललाच नाही असं धरून खर्चात घाला.

आतली उंची स्वतः उभं राहून पाहा. फरशी आणि छत मिळून सात-आठ सेंटिमीटर सहज जातात, हे लक्षात ठेवून.

३. आराखडा कागदावर नको, जमिनीवर

गाडीच्या आतल्या मापाचा चौकोन जमिनीवर चिकटपट्टीने आखा. जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून पलंग, ओटा, कपाटं खऱ्या मापात उभी करा आणि त्यात एक संध्याकाळ काढा. वाकून बूट घाला, कुशीवर वळा, एक जण स्वयंपाक करत असताना दुसऱ्याने पलीकडे जाऊन पाहा. माझा पहिला आराखडा कागदावर सुरेख होता. पुठ्ठ्याच्या गाडीत मात्र ओट्याचं दार उघडलं की पलंगावरून उतरता येत नव्हतं.

पलंग आडवा ठेवायचा असेल तर तुमची उंची आणि अस्तर लावल्यानंतरची गाडीची रुंदी यांचा हिशेब आधी करा. गाडीच्या भिंती वर जाताना आत झुकतात, म्हणून माप पलंगाच्या उंचीवर घ्या. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या खाली, दोन्ही आसांच्या मध्ये आणि डाव्या-उजव्या बाजूला समतोल येतील अशा ठेवा. बाहेर पडायला दोन वाटा राहिल्या पाहिजेत. आग लागली आणि दारापाशीच ओटा असला, तर दुसरी वाट जीव वाचवते.

चालत्या गाडीत कोणी बसणार असेल, तर मूळ आसनं आणि मूळ पट्टेच वापरा, किंवा त्या गाडीसाठी तपासून मान्य झालेली आसनं अधिकृत कारागिराकडून बसवून घ्या. लाकडी बाकावर पट्टा ठोकून माणसं बसवू नका. धडकेच्या वेळी तो बाक माणसासकट उखडून येतो.

४. गाडी उघडी करा आणि गंज संपवा

हत्यारं फार लागत नाहीत: ड्रिल, जिगसॉ, कोनी ग्राइंडर, तारेचे ब्रश, कानस, गुण्या, टेप, रिव्हेटची बंदूक, क्रिंपिंगचा पक्कड, मल्टिमीटर. चष्मा, हातमोजे आणि धुळीचा चांगला मास्क यांना "नंतर घेऊ" म्हणू नका.

आतलं सगळं काढून पत्रा धुऊन, सुकवून घ्या. मग प्रत्येक तांबूस ठिपका तारेच्या ब्रशने चमकदार धातूपर्यंत घासा. खाचाखोचांत ब्रश पोचत नाही, तिथे फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंज-परिवर्तक लावा. त्याने गंजाचा काळा, स्थिर थर होतो. त्यावर प्रायमर, मग रंग. भोकं पडलेली असतील तर तिथे फायबरचं ठिगळ लावून वेळ मारून नेऊ नका, वेल्डरकडून नवा पत्रा बसवून घ्या.

उंबऱ्यांच्या आणि दारांच्या तळाशी छोटी भोकं असतात, ती पाणी निचरून जाण्यासाठी. ती मोकळी करा आणि शेवटपर्यंत मोकळीच ठेवा.

५. खिडक्या आणि झरोका

इथेच माझी चूक झाली, म्हणून जरा सावकाश सांगतो.

कापण्याआधी आतून आडवा आधार कुठे आहे ते पाहा, तो कापायचा नाही. चौकोनाच्या कोपऱ्यांत आधी भोकं पाडा, मग जिगसॉला धातूचं पातं लावून कापा. पात्याखालचा रंग खरचटू नये म्हणून कडेने चिकटपट्टी लावा. आतून पिशवी बांधून किंवा कापड धरून लोखंडाचा कीस गोळा करा. राहिलेला प्रत्येक कण दोन दिवसांत गंजून छतावर तांबडा डाग पाडतो. कापलेली कड कानशीने गुळगुळीत करून तिला प्रायमर आणि रंग द्या, पूर्ण वाळू द्या, आणि मगच चौकट बसवा. मी प्रायमर न लावताच चौकट बसवली होती. सीलंटने गंजत जाणाऱ्या कडेवरची पकड सोडली.

सीलंट पॉलियुरेथेनचं किंवा ब्युटाइलची (चिकट रबराची) पट्टी घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्यावर वापरू नका, त्यातलं आम्लच गंज चढवतं. व्हॅनचं छत नागमोडी असतं, त्यामुळे सपाट चौकटीखाली फटी राहतात. आधी छताच्या त्या खाचा लाकडाने नव्हे, तर प्लास्टिकच्या कापून जुळवलेल्या तुकड्यांनी भरा.

सीलंट सुकलं की पाण्याची परीक्षा घ्या. एकाने नळी धरायची, दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन बसायचं. खालून वर सरकत प्रत्येक कडेवर चांगली पाच मिनिटं पाणी सोडा. मग गाडी एका कुशीला कलती उभी करून तेच पुन्हा करा. दोन पाऊस झाल्याशिवाय अस्तर लावू नका. दुसऱ्या वेळी मी तसाच थांबलो.

६. उष्णतारोधन आणि दमटपणा

पत्र्याचं घर बाहेरून गळलं नाही तरी आतून ओलं होतं. दोन माणसं झोपेत रात्रभरात श्वासावाटे आणि घामावाटे अर्धा लिटरच्या आसपास पाणी सोडतात. त्यात गॅस जळला तर आणखी: एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. ही वाफ थंड पत्र्याला लागली की तिचं पाणी होतं आणि अस्तरामागे साठतं.

म्हणून पत्र्याला घट्ट चिकटणारा आणि पाणी न शोषणारा बंद-पेशींचा फोम वापरा. सपाट जागी एक्सपीएस (दाबून केलेल्या पॉलिस्टायरीनच्या) फोमची पाटी चालते. वाकड्या जागांसाठी चिकट पाठीचा लवचीक फोम बरा. फोम आणि पत्रा यांच्यात हवेची पोकळी राहू देऊ नका. काचलोकर (ग्लास वूल) ओली झाली की खाली बसते, गाडीच्या हादऱ्यात तर लवकरच. चमकदार फॉइल दोन थरांत दाबून लावलं तर त्याचा उपयोग जवळपास शून्य. परावर्तनासाठी त्याच्यापुढे हवेची जागा लागते.

फुगणारा फवारा-फोम पोकळ खांबांत आणि उंबऱ्यांत भरण्याचा मोह टाळा. तो फुगून बाहेरचा पत्रा वाकवतो आणि निचऱ्याची भोकं बुजवतो.

एवढं करूनही हवा खेळती नसेल तर दमटपणा राहणारच. खालून हवा आत येण्याची आणि वरून बाहेर जाण्याची अशा दोन वाटा ठेवा. छताला पंखा बसवा आणि स्वयंपाक करताना तो चालवा, बाहेर थंडी असली तरी.

७. वीज: आधी हिशेब, मग खरेदी

बहुतेक जण आधी बॅटरी विकत घेतात आणि मग तिला काय काय जोडता येईल ते पाहतात. उलट करा. दिवसाचा खर्च लिहा. उदाहरणार्थ:

- ४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रीज, दिवसातला ४० टक्के वेळ चालतो: सुमारे ४३० वॉट-तास
- २५ वॉटचा पंखा, ८ तास: २०० वॉट-तास
- दिवे, १० वॉट, ४ तास: ४० वॉट-तास
- लॅपटॉप आणि फोन, ६० वॉट, ३ तास: १८० वॉट-तास

एकूण ८५० वॉट-तास. १२ व्होल्टने भागलं तर सुमारे ७१ अँपिअर-तास. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून ती किमान १५० अँपिअर-तासांची हवी. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची पुरते, आणि वजनही निम्म्याहून कमी. पण ही बॅटरी शून्य अंश सेल्सियसखाली चार्ज केली तर कायमची बिघडते. तसं संरक्षण असलेलीच घ्या. हा सगळा हिशेब एका दिवसाचा आहे. ढगाळ दिवसांसाठी त्यात भर घाला.

आता तारेची जाडी. १२ व्होल्टवर थोडीशी घटही महागात पडते. बॅटरीपासून फ्रीज पाच मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर तार झाली. २.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेतून १० अँपिअर गेले तर वाटेतच ०.७ व्होल्ट जातात, म्हणजे जवळपास ६ टक्के. फ्रीज "बॅटरी कमी" म्हणून बंद पडतो आणि माणूस फ्रीजला दोष देतो. ६ चौरस मिमी तार घातली तर घट ०.३ व्होल्टच्या आत येते.

फ्यूज उपकरणासाठी नसतो, तारेसाठी असतो. तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा, कारण फ्यूजच्या आधीच्या तुकड्याला कोणतंच संरक्षण नसतं. पुढे प्रत्येक शाखेला तिच्या तारेच्या जाडीप्रमाणे वेगळा फ्यूज द्या. तार अनेक बारीक धाग्यांचीच घ्या. घरातली एकसंध तार हादऱ्यांनी आतून तुटते. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी कडी बसवा. नुसत्या पत्र्याची धार वर्षभरात आवरण कापते.

इन्व्हर्टर घेताना १००० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर ८० अँपिअरहून जास्त प्रवाह, हे विसरू नका. त्याच्या तारा जाड आणि आखूड हव्यात. गाडी चालताना चार्जिंग हवं असेल तर इंजिनाची बॅटरी आणि घराची बॅटरी वेगळ्या ठेवून मधे डीसी-डीसी चार्जर (पहिलीकडून येणारी वीज दुसरीला योग्य दाबाने देणारं यंत्र) बसवा. सौर पॅनेल जोडताना कंट्रोलरला (पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणाऱ्या यंत्राला) आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट. आणि बाहेरून घरगुती दाबाची वीज गाडीत घ्यायची असेल, तर तेवढा भाग परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्या. पत्र्याच्या डब्यात अर्थिंग चुकलं तर सबंध गाडीच्या अंगात वीज येते.

८. गॅस

नळी आणि जोड बसवायला पात्र कारागीर बोलवा. पण काय बरोबर आणि काय चूक हे तुम्हाला माहीत असायलाच हवं.

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला तर खाली साचतो आणि वरच्या खिडकीतून जात नाही. म्हणून सिलिंडरचा कप्पा राहत्या जागेपासून पूर्ण बंद हवा आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक हवं. त्या भोकाखाली सायलेन्सर किंवा ठिणगी उडेल असं काही नको. सिलिंडर उभाच आणि पट्ट्याने जखडलेला. रेग्युलेटरचा दाब आणि शेगडीवर छापलेला दाब एकच आहे ना ते पाहा. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडीच घ्या. प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासा, काडी लावून कधीच नाही. गाडी चालताना सिलिंडरची चावी बंद.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म पलंगाजवळ, धुराचा अलार्म छताला आणि अग्निशामक दारापाशी बसवा. अलार्मलाही मुदत असते, ती पाठीमागे छापलेली असते. शेगडी पेटवून गाडी गरम करायची आणि झोपायचं, असं एकदाही करू नका.

९. पाणी

पहिल्या वर्षी साधेपणा बरा. वीस लिटरचे दोन कॅन, १२ व्होल्टचा पंप, अन्नासाठी योग्य अशी नळी, सिंक, आणि सांडपाण्यासाठी तेवढ्याच मापाचा वेगळा कॅन. कॅन बाहेर काढून घासता येतो, बसवलेली टाकी येत नाही. मोठी टाकी बसवलीच तर आत हात जाईल एवढं झाकण आणि पाणी हिंदकळू नये म्हणून आडपडदे असलेली घ्या. जोडांपर्यंत हात पोचला पाहिजे, कारण गळती नेहमी जोडावरच होते.

१०. आता लाकूड

इथवर आलात की हे काम आनंदाचं. फरशीचा प्लाय खालून आणि कडेने आधीच वॉटरप्रूफ करा. स्क्रू मारण्याआधी गाडीखाली जाऊन इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरी कुठे आहेत ते पाहा. फर्निचर पत्र्याला नाही, सांगाड्याला बांधा, आटे असलेल्या रिव्हेट-नटने. जोडांना स्क्रूबरोबर गोंदही लावा. नुसता स्क्रू हादऱ्याने सैल होतो. खणांना आणि दारांना दाबून उघडणाऱ्या कड्या हव्यात, चुंबक वळणावर टिकत नाही. पंप, फ्यूज आणि झडपा यांच्यावरचं अस्तर स्क्रूने काढता येईल असंच ठेवा.

११. तपासणी आणि पहिला प्रवास

पाणी, गॅस, सामान, माणसं असं सगळं भरून शेवटचं वजन करा. टायरची भारक्षमता त्या वजनाला पुरते का ते पाहा. टायरवरच्या चार आकड्यांच्या खुणेत आधी आठवडा आणि मग वर्ष असतं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मग फोटोंची फाइल, वजनाची पावती, गॅस आणि विजेचे दाखले घेऊन नोंदणीच्या तपासणीला जा. नोंदणी बदलली की विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

पहिला प्रवास घरापासून तासाभराच्या अंतरावर करा. शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट, पलंगाचे बोल्ट, बॅटरीची टोकं आणि गॅसचे जोड पुन्हा तपासा. पाचशे किलोमीटरनंतर परत एकदा. जिथून कुरकुर ऐकू येते तिथलं अस्तर काढून पाहा.

आणि पहिल्या रात्रीनंतर सकाळी गादी उचलून तिची खालची बाजू हाताने चाचपा. ओलसर लागली तर गादीखालच्या फळीला भोकं पाडा किंवा तिच्या जागी पट्ट्या बसवा, म्हणजे खालून हवा खेळेल. तो ओलावा तीन आठवडे राहिला, तर गादीबरोबर फळीही काळी पडते.